‘जब तक है जान’ आणि मोठ्या नावांच्या ध्वनिमुद्रिकांनी केलेला अपेक्षाभंग

निषाद (धागाकर्ता)

‘जब तक है जान’ची गाणी ऑक्टोबर २०१२ मध्ये आली. ‘वीर-झारा’नंतर आठ वर्षांनी यश चोप्रा पुन्हा दिग्दर्शनाकडे वळले होते, साहिर, आनंद बक्षी आणि जावेद अख्तर यांनी ज्यांच्या चित्रपटांची गीते लिहिली त्यांच्यासाठी आता गुलजार लिहिणार होते, आणि यश चोप्रांच्या दिग्दर्शनाखाली त्यापूर्वी कधीही काम न केलेले ए. आर. रहमान संगीत देणार होते. शाहरुख, रहमान आणि गुलजार ही नावे एकत्र आली की ‘दिल से’ आठवणार, हे ओघानेच आले. गाण्यांचा एक सूरही कानी पडण्यापूर्वी आम्ही चाहत्यांनी ती मनातल्या मनात रचून टाकली होती, असे म्हटले तरी चालेल.

प्रत्यक्षात जे हाती आले त्याला वाईट म्हणता येत नाही, आणि माझी खरी अडचण तीच आहे. ‘छल्ला’मध्ये रब्बी शेरगिल यांचा मोकळा आवाज आणि गिटार आहे. ‘सांस’ श्रेया घोषाल आणि मोहित चौहान यांनी नीटस गायले आहे, ‘जिया रे’मध्ये नीती मोहन यांचा उत्साह ओसंडतो, आणि हर्षदीप कौर यांच्या ‘हीर’बद्दल तर मला तेव्हाही तक्रार नव्हती. ‘इश्क शावा’ वगळता यातले एकही गाणे लागले तर मी ते बंद करणार नाही. तरीही संपूर्ण ध्वनिमुद्रिका ऐकून झाल्यावर जो विरस झाला, तो तितक्या तीव्रतेने ना त्याआधी कधी झाला, ना त्यानंतर.

या विरसाचे कारण गाण्यांपेक्षा आमच्या अपेक्षेच्या घडणीत होते, असे माझे मत आहे. आम्हाला परस्परविरोधी अशा दोन गोष्टी एकाच वेळी हव्या होत्या. यश चोप्रांच्या चित्रपटातले गाणे म्हणजे ठसठशीत मुखडा, दोन-तीन अंतरे, प्रत्येक अंतऱ्यानंतर हमखास परत येणारी ओळ आणि पहिल्याच ऐकण्यात ओठांवर बसणारी चाल. ‘वीर-झारा’ची गाणी तर मदनमोहन यांनी हयातीत बांधून ठेवलेल्या आणि वापरायच्या राहून गेलेल्या चालींवर उभी होती, म्हणजे २००४ साली आम्ही ऐकत होतो ती घडण १९७५ पूर्वीची होती. ‘दिल से’ची वाट याच्या अगदी उलट जाते. ‘जिया जले’मध्ये लताबाईंच्या हिंदी ओळींच्या मध्येच मल्याळम शब्दांचा समूहस्वर येतो, त्याचा अर्थ आपल्यापैकी बहुतेकांना आजही सांगता येणार नाही, आणि तो नसता तर गाणे निम्मे झाले असते. ‘वीर-झारा’चा गोडवा आणि ‘दिल से’चा बेबंदपणा एकाच गाण्यात कसा बसणार होता, याचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता.

तुमच्या बाबतीत असा अपेक्षाभंग कोणत्या ध्वनिमुद्रिकेने केला आणि तो नेमका कशामुळे झाला असे तुम्हाला वाटते, हे वाचायला आवडेल. नुसत्या याद्या नकोत, कारणमीमांसा हवी.

सांजवारा

निषाद, लेखन आवडले, पण निष्कर्ष पटला नाही. गाणी कमी पडली की ऐकणाऱ्याच्या अपेक्षेवर खापर फोडायचे ही रहमान-चाहत्यांची जुनी सवय आहे, आणि मी स्वतः त्याच पंथातली असल्यामुळे ती मला चांगली परिचयाची आहे.

अपेक्षा हेच कारण असते तर ‘रॉकस्टार’नेही निराशा करायला हवी होती. तो चित्रपट केवळ एक वर्ष आधीचा, नोव्हेंबर २०११ मधला. तिथेही नायकाच्या हाती गिटार आहे आणि तिथेही मोहित चौहान आहेत. ऑस्करनंतर रहमान यांच्या ‘ब्लू’ आणि ‘रावण’ यांवर टीका होऊन गेली होती, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या गीताची लोकांनी शकिराच्या फुटबॉल-गीताशी तुलना करून भरपूर थट्टा केली होती, त्यामुळे ‘रॉकस्टार’कडे सगळेच डोळे लावून बसले होते. ती अपेक्षा पुरी झाली, कारण इम्तियाज अली यांच्या पटकथेत गाण्यांना काम होते. नायक बिघडत जातो तसा मोहित चौहान यांचा आवाज बदलत जातो. ‘कुन फाया कुन’मध्ये तो जवळजवळ कुजबुजतो आणि ‘नादान परिंदे’पर्यंत येता येता तो फाटतो. संगीतकाराला पात्राची वाटचाल मिळाली की तो काय करतो, याचे याहून चांगले उदाहरण मला आठवत नाही.

‘जब तक है जान’मध्ये गाण्यांना काय काम आहे? ‘छल्ला’ लंडनच्या रस्त्यावर गिटार वाजवणाऱ्या नायकाची ओळख करून देते, ‘जिया रे’ दुसऱ्या नायिकेची ओळख करून देते, ‘इश्क शावा’ नाचासाठी आहे आणि ‘इश्क डान्स’ तर नावाप्रमाणेच नाचासाठी आहे. ओळखपत्रे आणि नाच यांसाठी रहमान यांना बोलावले, तर ते ओळखपत्रे आणि नाचच देतील. तुमच्या दोन आठवणींच्या सिद्धान्ताची इथे गरजच पडत नाही.

पेटीवाला

दोघांचेही म्हणणे वाचले. माझा मुद्दा यश चोप्रांच्या संगीतकारांविषयी आहे, आणि तो थोडा विस्ताराने मांडतो.

यश चोप्रांच्या चित्रपटांचे संगीत म्हटले की आपल्याला जे आठवते, त्याचा मोठा भाग अशा लोकांनी दिलेला आहे ज्यांच्याकडून संगीतकार म्हणून श्रोत्यांना त्या वेळी फारशा अपेक्षा नव्हत्या. खय्याम यांचा लौकिक जुना असला तरी १९७६ च्या ‘कभी कभी’पूर्वीची त्यांची वर्षे भरभराटीची नव्हती; खऱ्या अर्थाने ते पुन्हा प्रकाशात आले ते या चित्रपटामुळे. ‘सिलसिला’साठी १९८१ साली यश चोप्रांनी शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांना घेतले. संतूर आणि बासरीतले हे दोघे दिग्गज चित्रपट-संगीतकार म्हणून त्या वेळी कोरेच होते. पुढे ‘चांदनी’, ‘लम्हे’ आणि ‘डर’ याच ‘शिव-हरी’ जोडीने केले. ‘दिल तो पागल है’साठी १९९७ मध्ये उत्तम सिंग आले, जे तोवर व्हायोलिनवादक आणि संगीत-संयोजक म्हणून ओळखले जात. ‘वीर-झारा’मध्ये तर हयात नसलेला संगीतकार होता. ‘दाग’साठी लक्ष्मीकांत-प्यारेलाल आणि ‘दीवार’साठी राहुलदेव बर्मन होते, हे अपवाद मान्यच आहेत, पण ‘दीवार’ काही गाण्यांसाठी कोणी लक्षात ठेवलेला नाही.

या पार्श्वभूमीवर ‘जब तक है जान’कडे पाहा. वयाच्या ऐंशीव्या वर्षी, कारकिर्दीच्या अगदी शेवटी, त्यांनी त्या काळातले सर्वांत मोठे नाव घेतले. शिव-हरींची ‘सिलसिला’ची ध्वनिमुद्रिका ज्यांनी पहिल्यांदा लावली असेल, त्यांना ‘संतूरवाले आणि बासरीवाले चित्रपटात काय करणार’ एवढेच कुतूहल असणार. तिथे अपेक्षाभंगाला वावच नव्हता. शिवाय शिव-हरी किंवा उत्तम सिंग यांच्याकडून यश चोप्रा आपल्याला हवे तसे गाणे करून घेत असणार, हे त्या सर्व चित्रपटांतल्या गाण्यांच्या एकसारख्या चेहऱ्यावरून दिसते. संगीतकार बदलले तरी गाणे ‘यश चोप्रांचे’ राहिले. ‘जब तक है जान’मध्ये मला प्रथमच असे वाटले की, ही गाणी ना धड त्यांची आहेत ना धड रहमान यांची, दोघांनीही एकमेकांचा मान राखला आणि मान राखण्याच्या नादात कोणीच हट्ट धरला नाही. हा अर्थात माझा कयास आहे.

अवांतर: यश चोप्रांच्या संगीतकारांमध्ये एक नाव नेहमी राहून जाते. १९८४ च्या ‘मशाल’चे संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे आहे. हा चित्रपट वसंत कानेटकरांच्या ‘अश्रूंची झाली फुले’वर बेतलेला होता, त्यामुळे नाटक आणि संगीत अशी दोन्ही अंगांनी तो आपला. हृदयनाथांच्या मराठी भावगीतांवर पोसलेल्या माझ्यासारख्या माणसाने ‘मशाल’कडून ज्या अपेक्षा ठेवल्या होत्या त्यांचे काय झाले, हे मी इथे लिहीत नाही, कारण निषाद यांनी कारणमीमांसा मागितली आहे आणि माझ्याकडे या बाबतीत केवळ हळहळ आहे.

दुसरी_बाजू

पेटीवाला यांचा प्रतिसाद संग्रही ठेवण्यासारखा आहे. मला चर्चेत न आलेल्या एका गोष्टीबद्दल लिहायचे आहे, ती म्हणजे ‘रहमान चढतो’ हे वाक्य.

रहमान यांचे गाणे पहिल्यांदा आवडले नाही तर चार-पाच वेळा ऐकावे, मग ते चढते, असे आपण गेली तीस वर्षे एकमेकांना सांगत आलो आहोत. यात तथ्य आहे, आणि त्याचे कारण गूढ नाही. त्यांच्या चांगल्या गाण्यांत ऐकण्याजोगे बरेच काही उशिरा येते किंवा मागे दडलेले असते. ‘दिल्ली-६’मधले ‘रहना तू’ घ्या. पहिल्या ऐकण्यात ते एक संथ, काहीसे सपाट प्रेमगीत वाटते, आणि बहुतेक लोक शब्द संपले की पुढच्या गाण्याकडे वळतात. पण शब्द संपल्यावर रहमान यांनी कंटिन्युअम नावाच्या वाद्यावर जो तुकडा वाजवला आहे, त्यात गाण्याची खरी गोष्ट सांगितली जाते. त्या वाद्याला वेगवेगळ्या पट्ट्या नसतात. एकाच सलग पृष्ठभागावर बोट सरकवत जायचे असते, त्यामुळे पाश्चात्त्य बनावटीच्या त्या यंत्रातून मींड निघते आणि एका सुरातून दुसऱ्या सुरात जाताना मधली सगळी वाट ऐकू येते. हे कळल्यानंतर मागे जाऊन गाणे पुन्हा ऐकले की आधीची सपाट वाटणारी चाल वेगळी वाटू लागते. कॅसेटच्या काळात हे आपोआप घडत असे, कारण गाणे पुढे ढकलणे कटकटीचे होते आणि विकत घेतलेली कॅसेट दोन्ही बाजूंनी ऐकली जाईच. न आवडलेले गाणे दोन आवडत्या गाण्यांच्या मध्ये सापडले की त्याला पुन्हा पुन्हा संधी मिळे.

माझे म्हणणे असे की ‘जब तक है जान’च्या बाबतीत हा उपाय लागू पडला नाही. मी ती ध्वनिमुद्रिका मनापासून, हेडफोन लावून, अनेक आठवडे ऐकली. ‘हीर’ खरोखर चढली. तिच्यात वाद्यमेळ आवाजाच्या मागे राहतो आणि हर्षदीप यांचा आवाज ओळीच्या शेवटी किंचित मागे रेंगाळतो, ते आधी लक्षात आले नव्हते. बाकीच्या गाण्यांत मात्र पहिल्या दिवशी जे ऐकू आले तेवढेच शेवटपर्यंत ऐकू येत राहिले. म्हणून अपेक्षेचा दोष किती आणि गाण्याचा किती हे ठरवायचे असेल, तर माझी कसोटी सोपी आहे: अपेक्षेची धूळ बसल्यानंतरही गाण्यात नवीन काही सापडते का? सापडत असेल तर दोष आपला होता. या कसोटीवर मी सांजवारा यांच्या बाजूला आहे.

रेनकोट

मी मँचेस्टरला राहतो. या शहरात अपेक्षाभंग करणाऱ्या ध्वनिमुद्रिकेचा विषय निघाला की संभाषण एकाच ठिकाणी जाऊन थांबते: ओॲसिस या बँडची १९९७ सालची ‘बी हिअर नाऊ’. चर्चा रहमान यांच्यावर चालू आहे याची जाणीव आहे, पण दुसरी_बाजू यांच्या प्रतिसादाशी याचा थेट संबंध आहे, म्हणून लिहितो.

ओॲसिसची दुसरी ध्वनिमुद्रिका ऑक्टोबर १९९५ मध्ये आली तेव्हा ब्रिटिश समीक्षकांपैकी अनेकांनी तिला कोमट प्रतिसाद दिला होता. लोकांनी मात्र ती डोक्यावर घेतली. ऑगस्ट १९९६ मध्ये नेबवर्थ येथे त्यांनी सलग दोन दिवस कार्यक्रम केले, तेव्हा प्रत्येक दिवशी सव्वा लाख श्रोते होते आणि तिकिटांसाठी अर्ज करणाऱ्यांची संख्या पंचवीस लाखांच्या वर होती. समीक्षक तोंडघशी पडले होते. त्यानंतर २१ ऑगस्ट १९९७ रोजी तिसरी ध्वनिमुद्रिका आली. ती आधी ऐकवताना पत्रकारांकडून गुप्ततेच्या करारांवर सह्या घेतल्या जात होत्या, इतका गाजावाजा होता. या वेळी समीक्षकांनी चूक होऊ द्यायची नाही असे ठरवले असावे, कारण जवळजवळ सर्वांनी तिची मुक्तकंठाने स्तुती केली. पहिल्याच दिवशी ब्रिटनमध्ये चार लाखांहून अधिक प्रती खपल्या.

आणि मग लोकांनी ती घरी नेऊन ऐकली. सत्तर मिनिटांहून अधिक लांबी, सात-सात मिनिटांची गाणी, एक तर नऊ मिनिटांच्या वर आणि शेवटी त्याचीच पुन्हा उजळणी, आणि गिटारवर गिटार, गिटारवर गिटार असे इतके थर की आतली चाल ऐकू येऊ नये. काही महिन्यांतच स्तुतीचा सूर बदलला. ज्यांनी भरभरून लिहिले होते तेच तिला एका संगीत-युगाचा अंत म्हणू लागले. गीतकार-गिटारवादक नोएल गॅलघर यांनी स्वतःच तिच्यावर जाहीरपणे टीका केली आहे; त्यांचे धाकटे बंधू लियाम मात्र आजही तिची बाजू घेतात. २०१६ मध्ये तिची नवी आवृत्ती निघाली तेव्हा नोएल यांनी जुन्या ध्वनिफिती काढून पहिल्या गाण्याचे नव्याने मिश्रण केले आणि बाकीच्यांना हात न लावता ते काम सोडून दिले.

या प्रकरणात निवाडा दोनदा झाला, आणि त्या दोन्ही वेळा गाणी तीच होती, हे मला महत्त्वाचे वाटते. समीक्षकांचा १९९७ चा लेख वस्तुतः १९९५ च्या ध्वनिमुद्रिकेचे परीक्षण होता. फक्त तो दोन वर्षे उशिरा छापला गेला.

निषाद

रेनकोट, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांनी माझ्या डोक्यात एक दिवा लागला. रहमान यांच्या बाबतीत आपल्याकडे नेमके हेच होत आले आहे, फक्त आपल्याकडे समीक्षकांच्या जागी चाहते आहेत.

‘रहमान चढतो’ या अनुभवाने आपल्याला एकदा-दोनदा नव्हे, अनेकदा तोंडघशी पाडले आहे. ‘दिल्ली-६’ पहिल्यांदा ऐकून ‘जमले नाही’ म्हणणारे लोक महिन्याभरात ‘अर्जियाँ’ गुणगुणत फिरत होते, आणि त्यात मीही होतो. त्यामुळे पुढे प्रत्येक नव्या ध्वनिमुद्रिकेबद्दल पहिल्या आठवड्यात प्रामाणिक मत देण्याची आपल्याला भीती वाटू लागली. ‘अजून ऐकतो आहे’, ‘चित्रपटात पाहिल्यावर कळेल’, ‘चढेल असे वाटते’ ही वाक्ये मी ऑक्टोबर २०१२ मध्ये कितीतरी जणांच्या तोंडून ऐकली. निराशा झाली होती ती पहिल्याच दिवशी, पण ती कबूल करायला लोकांनी वर्ष घेतले, आणि इतकी रखडलेली निराशा आहे त्याहून मोठी होते.

त्यात भर पडली ती यश चोप्रांच्या निधनाची. २७ सप्टेंबरला, ऐंशीव्या वाढदिवशी, त्यांनी हा आपला शेवटचा चित्रपट असल्याचे जाहीर केले होते. गाणी आल्यावर थोड्याच दिवसांत, २१ ऑक्टोबरला, ते गेले. चित्रपट दिवाळीत, १३ नोव्हेंबरला प्रदर्शित झाला. या मधल्या तीन-साडेतीन आठवड्यांत त्या गाण्यांबद्दल वाकडे बोलणे कोणालाच जमणार नव्हते, आणि ते योग्यच होते.

सांजवारा, ‘गाण्यांना कामच नव्हते’ हा तुमचा मुद्दा मान्य करतो. पण तो मान्य केला तरी आणखी एक प्रश्न उरतो: यश चोप्रांच्या आधीच्या चित्रपटांत तरी गाण्यांना असे कोणते काम होते? ‘चांदनी’तली निम्मी गाणी काढून टाकली तरी कथेला धक्का लागत नाही. तरी ती टिकली.

खर्ज

मराठी उदाहरण कोणीच दिले नाही, म्हणून देतो. २०१८ साल आणि अजय-अतुल.

‘सैराट’ एप्रिल २०१६ मध्ये आला. चारच गाणी, पण वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण थेट लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर केलेले. ‘याड लागलं’मध्ये शब्द थांबतात आणि तंतुवाद्यांचा अख्खा ताफा चाल हाती घेतो, त्या जागी करमाळ्याच्या विहिरी आणि उसाचे फड एकदम सिनेमास्कोप झाल्यासारखे वाटतात. ‘जोगवा’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, ‘नटरंग’ घराघरांत पोहोचला होता, पण ‘सैराट’नंतर आपल्या मनात पक्के बसले की आता हे दोघे हिंदीत जातील आणि सगळ्यांना गार करतील. ते हिंदीत आधीच गेले होते, ‘अग्निपथ’ २०१२ चाच, पण अपेक्षा तारखा पाहून निर्माण होत नसते.

मग एकाच वर्षात तीन मोठे चित्रपट आले: जुलैमध्ये ‘धडक’, नोव्हेंबरमध्ये ‘ठग्ज ऑफ हिंदोस्तान’, डिसेंबरमध्ये ‘झीरो’. ‘धडक’मध्ये ‘झिंगाट’ हिंदीत आले आणि ‘याड लागलं’ची चाल ‘पहली बार’ होऊन आली. सूर तेच, संगीतकार तेच, वाद्यवृंदाची भव्यता तीच, आणि तरीही ऐकताना परक्याच्या घरात आपले फर्निचर पाहिल्यासारखे वाटले. ‘झिंगाट’ची सगळी मजा त्या पोराच्या गावठी फुशारकीत होती, ती भाषा काढल्यावर ठेका उरला. ‘ठग्ज’बद्दल काय लिहावे? ‘वाश्मल्ले’ आणि ‘सुरैया’ यांच्यात आवाज भरपूर आहे. एवढेच.

‘झीरो’मधले ‘मेरे नाम तू’ मात्र मी मनापासून ऐकतो. अभय जोधपूरकर यांचा आवाज आणि मागचा वाद्यवृंद यांच्यात तिथे जे काही घडते, ते ‘सैराट’च्या तोडीचे आहे. पण तोवर वर्ष संपत आले होते आणि मी रुसून बसलो होतो.

इथे मला निषाद यांचे मूळ म्हणणे पटते. आम्हाला ‘सैराट’ पुन्हा हवा होता आणि तो हिंदी लोकांनी ऐकायला हवा होता. यातली दुसरी इच्छा संगीताची नाहीच, अभिमानाची आहे, आणि ती कोणत्याही संगीतकाराला पुरी करता येत नाही.

सांजवारा

खर्ज, ‘धडक’चा अपेक्षाभंग या चर्चेत बसत नाही असे मला वाटते, कारण तिथे नवे काही येणार अशी अपेक्षाच नव्हती. ‘झिंगाट’ हिंदीत येणार हे आधीपासून माहीत होते आणि ते आले. ‘ठग्ज’बद्दल पूर्ण सहमत.

निषाद, ‘चांदनी’च्या गाण्यांना कथेत काम नसले तरी चित्रचौकटीत काम होते. ती गाणी स्वित्झर्लंडसाठी आणि श्रीदेवींसाठी लिहिलेली होती. ‘जब तक है जान’मध्ये लडाख आणि काश्मीर आहेत, पण एकही मोठे गाणे त्या डोंगरांच्या वाट्याला आले नाही असे मला चित्रपट पाहताना सतत जाणवत होते. ‘दिल से’मधल्या लडाखशी तुलना नको म्हटले तरी होतेच.

आणि एक वस्तुस्थिती सर्वांच्या माहितीसाठी. ‘छल्ला’साठी गुलजारांना त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट गीतकाराचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, आणि नीती मोहन यांना ‘जिया रे’साठी नवोदितांचा राहुलदेव बर्मन पुरस्कार. त्याच सोहळ्यात संगीताचा पुरस्कार मात्र प्रीतम यांना ‘बर्फी’साठी गेला. ‘बर्फी’ येण्यापूर्वी तिच्याकडे डोळे लावून बसलेला एकही माणूस मला भेटला नव्हता. पेटीवाला यांच्या मुद्द्याला हा दाखला जोडून ठेवावा.

चांदणचुरा

‘रावण’चा उल्लेख वर ओझरता आला, त्यावर थोडेसे. तीच गाणी तमिळ ‘रावणन’मध्ये वैरमुत्तु यांच्या शब्दांत ऐकली की, भाषा कळत नसतानाही, ती जास्त सहज वाटतात, असा माझा अनुभव आहे. चाली तमिळ शब्दांच्या वजनावर बांधल्या गेल्या असतील तर गुलजारांसारख्या कवीलाही तयार साच्यात शब्द ओतावे लागतात. ‘जब तक है जान’ मात्र मुळात हिंदी-पंजाबीच होता, त्यामुळे ही पळवाट तिथे उपलब्ध नाही.

त्या चित्रपटातली शाहरुख यांनी वाचलेली कविता मात्र गुलजारांची नाही, आदित्य चोप्रांची आहे. अनेक जण ती गुलजारांच्या नावावर पुढे पाठवतात आणि मग ‘गुलजार उतरले’ असे म्हणतात. किमान हा एक अपेक्षाभंग तरी त्यांच्या खात्यावर लावू नये.

पेटीवाला

चांदणचुरा, कवितेबद्दल अगदी योग्य लिहिलेत. ती ध्वनिमुद्रिकेत गाण्यांच्या बरोबरीने घातली आहे, त्यामुळे हा गोंधळ होतो.

सांजवारा, ‘बर्फी’चा दाखला आनंदाने जोडून घेतो. फक्त एक सावधगिरी: कमी अपेक्षेमुळे ‘बर्फी’ला थोडा जास्त मान मिळाला असेल, तर दुसरी_बाजू यांची कसोटी तिलाही लावायला हवी.

दुसरी_बाजू

लावून पाहिली आहे. ‘बर्फी’ उत्तीर्ण होते. ‘फिर ले आया दिल’ची वेगवेगळ्या आवाजांतली रूपे पाठोपाठ ऐका, रेखा भारद्वाज यांच्या आवाजात जे गाणे तक्रार वाटते, ते अरिजित सिंग यांच्या आवाजात कबुली वाटते.

निषाद

सर्वांचे आभार. सांजवारा यांचा डोंगरांचा मुद्दा मला निरुत्तर करून गेला, कारण चित्रपटातले काश्मीर आठवून पाहिले तर मलाही आधी दृश्येच आठवली, गाणे नाही. ‘इश्क शावा’ची बाजू घेणारा एकही सदस्य इतक्या प्रतिसादांत पुढे आला नाही, याची नोंद घेतो. कोणी असेल तर जरूर लिहावे. मी वाद घालणार नाही, पण त्यांना त्यात नेमके काय सापडले हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे. ‘रावण’ आणि ‘रावणन’ यांच्या तुलनेसाठी चांदणचुरा यांनी वेगळा धागा काढावा ही विनंती, कारण त्यावर बोलण्यासारखे माझ्याकडे बरेच आहे आणि ते इथे मावणार नाही.